कार्मिनची रांग

...नाही, पण मी म्हणतो, मत टाकायला दोन-दोन रांगा लागतातच कशाला? मशीन एकच, बटणं तीच, आणि तरी आमच्या नंदाखालच्या शाळेत एका दाराशी पुरुष, दुसऱ्या दाराशी बायका, मधे काठी घेऊन हवालदार. आता तुम्हीच सांगा, कार्मिननं उभं कुठल्या रांगेत राहायचं?

कार्मिन म्हणजे माझी शेजारीण. जन्माला मुलगा म्हणून आली, वयात आल्यावर साडी नेसली आणि हे नाव स्वतःच घेतलं. बाप्तिस्म्याचं दुसरं होतं, ते मी सांगणार नाही, मला तिच्या शेजारी राहायचंय. लग्नसराईत गावातल्या नवरीमुलींचे अंबाडे तीच बांधते. पण मत म्हणून आयुष्यात कधी टाकलं नव्हतं, कारण यादीत लिहिलेलं पुरुष आणि पुरुषांत ती उभी राहीना, दर वेळी शाळेच्या फाटकातून परत. मग कचेरीत खेटे घातले, इतके घातले, की कंटाळून दोन हजार चारच्या यादीत एकदाचं 'स्त्री' लिहून दिलं तिथल्या साहेबांनी. हरखून गेली बिचारी. मला त्या दिवशी केळीचे घड उतरवायचे होते, पण पाय निघेना... बघायला नको, कुठल्या रांगेत?

बायकांच्या रांगेत राहिली. नंबर जवळ आला तसा हवालदार म्हणतो, "ए, तिकडं जा, तिकडं." ती म्हणते, "यादी बघा." म्हणून तिला रांगेतून काढून आत नेली, तर आत उमेदवाराचा एजंट गॉडफ्रे, तिच्याच वर्गातला. तो म्हणतो, "साहेब, माझी हरकत आहे. ही बाई नाही, मी हिच्याबरोबर फुटबॉल खेळलोय." आता फुटबॉल खेळलास म्हणून काय... पण मतदान केंद्राचे साहेब ठाण्याहून आलेले, घामाघूम, म्हणतात, "यादीतली ती बाई हीच, असं गावातलं कोणी सांगेल का? नाही तर मी मत देऊ देणार नाही." झालं. कार्मिनचा चेहरा असा उतरला, मला फार वाईट वाटलं. पण मी पडलो पुरुष, माझं कोण ऐकतंय, ती कुठल्या रांगेत ते?

तेवढ्यात बायकांच्या दारातून लूर्डस आजी आत. "कोन म्हनतो बाई नाय? क्रुसाजवळच्या नळावर पानी भरायला कोन येतं? तू येतोस, गॉडफ्रे? तुझा बाप आला कधी?" आमच्याकडे, तुम्हाला सांगतो, त्या नळावर पुरुष फिरकत नाही, फिरकला तर बायका हंडा डोक्यात घालतील. "ही रोज येते. उन्हाळ्यात माझा हंडा सरकवून आपली कळशी लावली हिनं. मी सोडली का हिला?" मागून पॉलिन, "माझ्याशी तर ईस्टरपासून बोलत नाय ती." तिच्या मागून प्रिस्का, "साहेब, नळावर हिचं तोंड ऐका एकदा." साहेब गोंधळले, "म्हणजे तुमची तक्रार आहे?" लूर्डस म्हणते, "तक्रार कसली? बाई हाय, म्हनून सांगतो ना आमी."

अख्खी रांग साक्षीला. प्रत्येकीचं तिच्याशी एक तरी भांडण झालेलं. आणि कार्मिन? तिला आजवर वाटायचं, या बायका आपल्याला नुसतं सहन करतात. डोळे भरून आले तिचे. साहेबांनी हात जोडले, "पुरे, पटलं. हरकत फेटाळली."

कार्मिन पदर सावरून मशीनकडे निघाली, तर लूर्डस, "कुठं चाललीस? नंबर माझा."

"अगं आजी, मी तुझ्या पुढं होते."

"होतीस. रांग सोडलीस ना? नळावर सोडली की काय करतो? मागं जा."

मागं म्हणजे किती मागं, रांग रस्त्यावरच्या चिंचेपर्यंत गेलेली. हवालदाराला दया आली, म्हणतो, "ताई, पुरुषांकडं चिटपाखरू नाही, साहेबांना विचारून त्या दारानं सोडू का?" तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो काठी घेऊन दुसरीकडेच गेला. आणि ही ऑक्टोबरच्या उन्हात बायकांच्या शेपटाला.

मी घड उतरवले, जेवलो, जरा पडलो, परत आलो, तरी उभीच. मागच्या बाईला दटावतेय, "ढकलू नको गं, माझा नंबर आहे." एवढी वर्षं झगडून तिला तिची रांग मिळाली, तुम्हाला सांगतो... आणि ती मेली रांग काही केल्या हलेना.