बगळ्याचं पथ्य

कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांचं कौतुक मला नका सांगू. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील, आमच्या मरोळला तेव्हा माणसांनाही धड डॉक्टर मिळायचा नाही. आणि माझा दोस्त पास्कल, त्याच्या भातशेतात बगळा सापडला, पंख मोडून लोंबतोय. मी म्हटलं, "हाडवैद्याकडे चल." धावत सुटलो यार, बगळा पास्कलच्या शर्टात गुंडाळलेला.

वैद्यबुवांनी बांबूच्या कामट्या लावून पंख झकास बांधला आणि सगळ्यांना सांगायचे तसं बजावलं, "एकवीस दिवस मासळी बंद. नुसता वरणभात."

त्यांचा शब्द कोण मोडणार? माझ्या आईचा हात त्यांनीच बसवला होता. दोन दिवस आम्ही बगळ्यापुढे वरणभात ठेवला, त्याने चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मान टाकली. आमची वाट लागली, परत धावलो.

"बुवा, पथ्य नीट पाळलंय, तरी हा मरतोय."

"खायला काय दिलंत?"

"वरणभात. तुम्हीच सांगितलंत ना."

बुवा आत पळाले आणि बायकोने कालवणासाठी काढून ठेवलेल्या बोय माशांचं ताटच घेऊन आले. बगळ्याने एक डोळा उघडला. पहिली बोय गेली, दुसरी गेली, आणि मान ताठ.

ओट्यावर वर्सोव्याचा एक म्हातारा कोळी बसला होता, पाय बांधलेला, पंधरा दिवस मासळीविना. तो शांतपणे म्हणाला, "बुवा, मी पण मान टाकू का?"