पाठीवरचं

सून: कात्री कुठे ठेवलीत?

सासू: गादी उसवायला कात्री लागत नाही. ब्लेड घे आणि एकेक टाका काढ. कात्रीने खोळ कामातून जाईल.

सून: जाऊ दे गेली तर. खोळीला काय चाटायचंय? मला आतली गाठ हवी आहे, आई.

सासू: गाठ नाही त्यात. माझ्या हातची गादी आहे ती. उभा जन्म गाद्यांच्या कारखान्यात गेला माझा. हॉटेलवाले यायचे आणि सांगायचे, त्या मावशींच्या हातच्याच द्या. आणि मी माझ्या नातीच्या गादीत गाठ ठेवीन?

सून: ठेवलीत असं कोण म्हणालं? राहिली असेल.

सासू: एकच झालं ते.

सून: डॉक्टरांनी विचारलं, पोरगी कशावर झोपते. म्हटलं, घरी भरलेल्या कापसाच्या गादीवर. त्यांनी तोंड वाकडं केलं.

सासू: करणारच. एक्स-रे चांगला, रक्त चांगलं, पोर दिवसभर उड्या मारते. आता खापर कुणावर तरी फोडायला हवं. म्हातारीची गादी बरी सापडली.

सून: दिवसभर मारते उड्या. आणि सकाळी? सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरते. पाच वर्षांची पोर, आई. काल मोजे मी घातले तिला, वाकताच येईना. बालवाडीच्या दारात पोचेपर्यंत माझा हात सोडला नाही, आणि मधल्या सुट्टीत म्हणे झोपाळ्यावर उभी होती.

सासू: मी तेल लावते की रोज.

सून: तेलाने थांबलं असतं तर मी हे टाके काढत बसले असते का? डॉक्टर म्हणाले, रोज सकाळचं दुखणं आहे, असं अंगावर काढायचं नाही. सोमवारी त्या मोठ्या मशीनमध्ये घालणार तिला. आत अजिबात हलायचं नसतं. एवढं लहान मूल हलणारच, म्हणून भूल देणार. त्याच्या आधी गादीतच काही सापडलं तर बरं, म्हणून बसलेय. तुम्हाला नाकाला मिरच्या झोंबायचं कारण नाही.

सासू: सरक. तू टाका ओढतेस, तो असा कापायचा असतो. तुझं शिवणकाम नाजूक कापडाचं, ही गादी आहे. हं. घाल हात. घाल की कोपरापर्यंत. लागतंय काही?

सून: नाही.

सासू: उशाकडे बघ. कडेला बघ. मध्ये दाब.

सून: नाही लागत.

सासू: कापूस बघ कसा आहे. अजून हाताला ऊन लागतो. सापडली गाठ?

सून: नाही सापडली. झालं समाधान?

सासू: माझं झालं. आता तुझ्या त्या दप्तराचं बघ. रंगपेटी काय, दोन दोन डबे काय.

सून: दप्तर बाई उचलतात बालवाडीत. आणि दप्तराने संध्याकाळी दुखेल, सकाळी कसं दुखेल? तुमच्या शेजारी झोपते ती, आई. माझ्या नाही. रात्री काय होतं ते तुम्हाला माहीत असायला हवं.

सासू: रात्री काय होणार? दिवा मालवला की चिडीचूप. अशी शहाणी झोपते की बघत राहावं. पालथी पडते ती सकाळीच उठते. लाथ नाही, लोळणं नाही, पांघरुणाची घडीसुद्धा मोडत नाही.

सून: टिकली? आपली टिकली? ही पोर गादीभर फिरायची. सकाळी पाय उशीवर असायचे तिचे.

सासू: फिरायची. तू दवाखान्यातून आलीस तेव्हापासून शहाणी झाली. मला वाटलं, चला, घरात एवढं झालं, पोरीला समज आली.

सून: पाच वर्षांच्या पोरीला कसली समज हवी होती तुम्हाला?

सासू: तसं नाही गं.

सून: तसंच. समज तुम्हा सगळ्यांना यायला हवी आहे. मी दवाखान्यातून आले, अंगात ताकद नव्हती, आणि तुम्ही फोनवर बहिणीला सांगत होतात, ‘टिकलीच्या पाठीवरचं टिकलं नाही गं.’ तिच्या समोर. दूधवाल्याला तेच. खालच्या मजल्यावर तेच. तिचं टिकली हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं, जन्मली तेव्हा टिकलीएवढी होती म्हणून. आणि तुम्ही लोकांना सांगता, ही तेवढी टिकली म्हणून टिकली.

सासू: माझी जीभ म्हणजे काही हात नाही, की खिशात घालून फिरेन. दुःख मलाही झालं. माझंही नातवंड होतं ते.

सून: तुमचं दुःख दारोदार फिरून आलं. माझं घरातच राहिलं.

सासू: बोल. सकाळी सकाळी सगळं काढ. कापूस काढलाच आहेस.

(टिकली दारात. एक हात चौकटीवर, एक हात पाठीवर.)

टिकली: माझी गादी फाडली?

सून: फाडली नाही गं, उसवली. आत काही टोचतंय का ते बघत होतो. आजी परत शिवणार आहे. ये इकडे. फार दुखतंय?

टिकली: थोडंसंच. मशीनमध्ये दुखतं का?

सून: ऐकत होतीस होय? नाही दुखत. डॉक्टर तुला झोपवतील, उठशील तेव्हा संपलेलं असेल.

टिकली: मला नको झोपवायला. मला येतं न हलता राहायला.

सून: तिथे खूप वेळ तसं राहावं लागतं, राणी. मोठ्यांनासुद्धा जमत नाही.

टिकली: मला जमतं. मी रोज करते. अख्खी रात्र.

सासू: काय करतेस?

टिकली: हलत नाही. दोन्हीकडे गादी धरते. झोप लागली तरी धरते. कधी कधी सुटते, मग परत धरते.

सून: का गं, टिकले? कशाला धरतेस?

टिकली: सांगायचं नाहीये.

सून: मला सांगायचं नाही?

टिकली: तू रडतेस.

सून: नाही रडणार. सांग.

टिकली: बाळ पडेल.

सासू: कसलं बाळ?

टिकली: तूच म्हणालीस ना, आजी. माझ्या पाठीवर दुसरं येईल. देव देईल म्हणालीस. मग ते रात्री आलं आणि मी हलले तर? पहिलं पण तसंच गेलं.

सून: कसं गेलं?

टिकली: माझ्या पाठीवरचं टिकलं नाही. आजीने फोनवर सांगितलं. तू दवाखान्यात गेलीस ना, तेव्हा मी सकाळी उठले तर मी उताणी होते. ते माझ्याखाली गेलं.

सासू: अगं बाई.

टिकली: मला माहीत नव्हतं ते आलंय. मला कुणी सांगितलंच नव्हतं, नाहीतर मी वळले नसते. आता मी वळत नाही.

सून: ऐकलंत? सापडली तुमची गाठ.

सासू: अगं, सगळे असंच म्हणतात. धाकट्याला पाठीवरचाच म्हणतात. मला काय ठाऊक, पोर असं धरून बसेल? टिकले, बाळ पाठीवर नसतं गं. तसं नुसतं म्हणायचं असतं.

टिकली: मग कुठे असतं?

सून: माझ्या पोटात होतं. तुझ्या पाठीवर काहीसुद्धा नव्हतं. तू उताणी झोपलीस, पालथी झोपलीस, डोक्यावर उभी राहिलीस, त्याचा काही संबंध नाही. ते माझ्या पोटात आजारी पडलं आणि गेलं. तुझ्यामुळे नाही. कळलं?

टिकली: आणि दुसरं?

सासू: दुसऱ्याचं नंतर बघू. त्याला वेळ आहे. देवाच्या मनात असेल तेव्हा...

सून: आई, बास. परत तिच्या पाठीवर ठेवू नका.

सासू: अगं, मी तिची समजूत घालतेय.

सून: दुसरं येणार नाही, टिकले. कधीच नाही. त्या रात्री माझं रक्त थांबत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी बाळाची पिशवीच काढली. बाळाला राहायला आता जागा नाही.

सासू: पिशवी काढली?

सून: हो.

सासू: आणि मला आज सांगतेस?

सून: तुमचा मुलगा म्हणाला, आईला नको सांगू, ती आशेवर आहे, तिला सोसायचं नाही. मी तोंडाला कुलूप घातलं. तुम्हाला सोसायला नको म्हणून ही पोर रोज रात्री पाठ ताठ करून झोपली. आता त्याला फोन करा आणि सांगा, तुम्हाला कळलंय. डॉक्टरांनाही सगळं आजच सांगते मी.

सासू: आणि मी दूधवाल्यालासुद्धा सांगत होते, पुढच्या वर्षी येईल म्हणून. तू तिथेच उभी असायचीस. एका शब्दाने बोलली नाहीस.

सून: दूध मापून घेत होते.

टिकली: आई, तू म्हणालीस रडणार नाही.

सून: नाही रडत. कापूस गेलाय डोळ्यात. ये, या मोकळ्या कापसावर पड जरा. कशीही पड. वळ बघू कुशीवर.

टिकली: आजीला विचार.

सून: मी सांगतेय ना तुला.

टिकली: आजीने सांगितलेलं. आजीला विचार. आजी, मी वळू का?

सासू: वळ, बाळा. आता पडायला कुणी नाही.