सडकेकडचं दार

माझं माहेर जिवतीच्या पहाडावरचं, भाऊ, तिथी सडकच नव्हती, पायवाट अन् गोटे, अन् लगन होऊन आली ते आलापल्लीच्या सडकेवर, म्हंजे एकदम सडकेवरच म्हना ना, दार उघडलं का समोर सडक. तवा मले लय भारी वाटे. दारात बसून तांदूळ निवडा अन् जानारा-येनारा पाहा. पहिल्या वर्षी दिवसाले एखादा ट्रक जाये, मंग जंगलातले सागाचे लाकडं भरून रांगच लागली, अन् धुरळा असा का भाजीत मीठ कमी अन् धुरळा जास्त.

आमचा बुढा, तवा काही बुढा नव्हता, पन आता दुसरं काय म्हनू, नाव तर मी घेत नाई, तो बैलबंडी हाकलाचा. दिवसभर धानाचे पोते वाहे अन् वापस येतानी बंडीतच झोपे. बैलंच घरी आनून देत, चांद्या अन् भुऱ्या. सांजेले मी दारात बैलायसाठी ढेप-कोंड्याचं टोपलं ठेवून राहो, तर ते सरळ सडक कापून उजव्या अंगाले वळत अन् दारात येऊन उभे. मंग मी म्हनो, उठा जी, घर आलं. काय सांगू तुम्हाले, त्या बैलायचं मले लय कौतुक होतं.

पन आमच्या दारासमोरच वळन, अन् आंब्याचे झाडं, पल्याडचं काही दिसे नाई. एक दिवस बैल वळले अन् समोरून भरला ट्रक आला. ब्रेकचा आवाज असा झाला का मी डोळेच मिटले. उघडले तर बंडी आडवी, जू मोडलं, चांद्याचं एक सिंग गेलं, अन् बुढा सडकेवर बसून इकडंतिकडं पाहून राह्यला, मले विचारते, घर आलं का व? ड्रायव्हर खाली उतरला, म्हने बाई, आज मी थांबलो, उद्या दुसऱ्याच्यानं थांबनं होईन का, दार बदलवा.

बदलवा म्हने! दार का लुगडं हाय? पन माझं कुंकूच जात होतं, भाऊ, दोन दिवस दुसरी वाट शोधत फिरली.

तलावाच्या पाळीजवळ, बांधाजवळ म्हना, सडक सरळ हाय, दोन्हीकडून दुरून दिसते. पाळीवरून घरामांगं येता येते, पन मधात मोठ्या जाऊची सांदवाडी, म्हंजे घरामांगची भाजीची वाडी, काट्याचं कुंपन. अन् तिचं-माझं बोलनं बंद, एका कोंबडीवरून. गेली तरी. म्हनलं बाई, तुमचं कुंपन काढा लागते. ते म्हने तुझे बैल माझे वांगे खातीन. म्हनलं हो, खातीन. मंग म्हने, तो ब्रेक मीबी आयकला, माझाबी दीर हाय तो. अन् सोताच पहिला खुटा उपटला.

समोरचं दार आम्ही मातीनं लिपून टाकलं अन् मांगं नवं काढलं. पन बैलायले कोन सांगन? चार दिवस बुढ्यानं जागून हाकलली, पाचव्या दिवशी डुलकी लागली, अन् बैल भिंतीले नाक लावून उभे. तवा समजलं, बैल दारासाठी नाई, टोपल्याच्या जागेसाठी वळतेत. टोपलं डोक्यावर घेतलं अन् पाळीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. आठ दिवस तिथीच चारलं. मंग रोज थोडं आत, थोडं आत, जाऊच्या वांग्यापाशी, मंग मांगच्या दारात. पोळ्यापर्यंत शिकले बाप्पा! वांगे खाल्लेच, पन जाऊ बोलाले लागली.

आता बैल नाई, जाऊ नाई, सडक डांबराची झाली. लेक म्हनते समोर दार काढू, दुकान टाकू. म्हनलं टाक बाप्पा, सुखानं टाक, पन तुझा बाप हाय तवरी नाई. बुढ्याले आता आयकू येत नाई, दिसनंबी कमी. सांजेले देवळातून निघते, डुलत डुलत येते, पन पाळीवर बरोबर वळते. मांगच्या दारात मी चहा घेऊन बसली राहतो. दिसला का म्हनतो, या जी, घर आलं.

चला, उशीर झाला तुम्हाले. सुखी राहा, भाऊ, अन् जातानी पाळीवरूनच जा.