दोन स्टारचा डॉक्टर

भूगावच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. साळूबाई नवऱ्याला, हैबतरावांना, घेऊन नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी फ्लॅटमधलं जोडपं होतं. तो छाती चोळत होता, तिचे डोळे मोबाइलमध्ये.

"अमोघ, ह्या डॉक्टरला दोनच स्टार आहेत. सिगारेटवरून सगळ्यांसमोर झापतो म्हणे."

"मग दुसरा बघ."

"हा बघ, फोर पॉइंट नाइन. पार्किंग मोठं, एसी गार, अजिबात थांबावं लागत नाही."

"छातीचं काय लिहिलंय?"

"त्याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही. पण स्वभाव गोड आहे."

"चल, तिकडेच जाऊ."

तो छाती दाबतच उठला.

साळूबाईंनी रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवली.

"अवं, म्हस घेताना आपण कास बघतो, गोठ्याची फरशी न्हाई. सरका म्होरं, एक नंबर कमी झाला."