बाभळखिंडीतला मागचा गडी

ऐका. पर आधी त्यो मोबाईल खिशात घाल रं रंगा. उजेड केलास तर म्या उठून जाईन. मंग बस एकटाच भुईमुगाची रास राखत!

जालिंदर माझ्या चुलत भावाचा पोरगा. माझ्याच रक्ताचा. तरी सांगतो. कारन ह्याच हातानं म्या त्येच्या गळ्यात, शूर गडी म्हनून, हार घातला व्हता, आनि त्येची मला अजून लाज वाटती.

कमांडो व्हता त्यो. साधी भरती न्हवं. शंभर गडी जात्यात, धा टिकत्यात. पाठीवर चाळीस किलो घिऊन रातभर चालायचं. झोप न्हाई. बोलनं न्हाई. मागं वळून बघनं न्हाई. आनि तितं परत्येकाला एक जोडीदार. जोडीदार पडला तर त्येला खांद्यावर टाकायचं आनि डोंगर चढायचा. जालिंदरचा जोडीदार आपल्याच गावचा, उत्तम मदने. थाकूबायचा एकुलता एक.

आता हे नीट ऐका. अंधारात बोलायचं न्हाई, मंग मानसं मोजायची कशी? तर सगळ्यात मागचा गडी पुढच्याच्या खांद्यावर थाप मारतो, कानात म्हनतो, ‘एक.’ त्यो त्येच्या पुढच्याला, ‘दोन.’ आसा आकडा साहेबापर्यंत जातो. साहेबाच्या मागं पाच गडी, तर साहेबाच्या कानात ‘पाच’ आलं पायजे. आलं की पुढं चाला.

तीन वर्साखाली, तिकडं उत्तरंला बर्फाच्या मुलखात, ही मानसं रातची कामगिरीवर गेली. काम फत्ते झालं, परत फिरली. तवर मागनं गोळ्या सुरू! उत्तम सगळ्यात मागं, त्येच्या पुढं जालिंदर. उत्तमच्या मांडीत गोळी घुसली. पडला. म्हनला, ‘जाल्या, उचल मला.’

जाल्यानं उचललं न्हाई. भ्याला आनि पळाला.

पुढं साहेबानं आकडा मागितला. आता मागनं थाप कोन मारनार? जाल्यानं आपल्याच मनानं पुढच्याला सांगितलं, ‘दोन.’ साहेबाला पाच पोचलं. समदी निघाली. उजाडल्यावर कळलं, एक गडी कमी. जाल्या म्हनतो कसा, ‘मागंच व्हता. कुटं पळून गेला, ठावं न्हाई.’ माग काढाया गेले, तर रातच्या बर्फात समदं बुजून गेलेलं.

पळून गेला! आरं, त्या थाकूबायला पानवठ्यावर बाया म्हनायच्या, भगोड्याची आई आली. म्या बी म्हनलो. व्हय, म्या बी म्हनलो!

मंग एका अवसेला जाल्या सुट्टीवर आला. शेवटची एसटी फाट्यावर थांबली तवा अंधार पडून गेलावता. सडकंनं नऊ किलोमीटर, बाभळखिंडीतनं तीन. फाट्यावरचा चहावाला गफूरभाई म्हनला, “जाल्या, खिंडीतनं नगं रं. हितंच आंग टाक, सकाळी जा.”

जाल्या हसला. “गफूरभाई, मला अंधाराचं भ्या दाखवता व्हय?”

निघाला. चढ लागला. आनि मागनं बूट वाजाया लागले. खाड, खाड, खाड. त्येच्या पावलात पाऊल. त्यो थांबला की ते थांबायचे, पर एक पाऊल उशिरा. वळून बघितलं न्हाई त्येनं. ट्रेनिंगच तसं.

खिंडीच्या तोंडाशी मागनं खांद्यावर थाप पडली. कानात गार वारं. ‘एक.’

आनि जाल्यानं काय केलं आसंल? सांगा की! तुमी आमी बोंबलत पळालो आसतो. पर त्येच्या आंगात सवय मुरलेली. त्येचा हात आपसूक पुढं गेला, थाप माराया. तोंडातनं निघून बी गेलं, ‘दोन.’

पुढं काय आसनार? रिकामी वाट! पर हात खांद्यावर पडला, गड्यांनो! ओला खांदा, बर्फ लागलेला. पुढं अंधारात कुनीतरी म्हनलं, ‘तीन.’ त्येच्या पुढं, ‘चार.’ लांब वर, ‘पाच.’

मंग मागनं उत्तमचा आवाज. “पोचला का रं आकडा साहेबाला?”

 जाल्या पळाया गेला तर पाय गुडघ्यापतोर रुतले. वैशाखात! बर्फात!

“जाल्या, उचल मला.”

आनि बसला की पाठीवर! आधी पोत्याएवढा जड. धा पावलांवर दोन पोती. जाल्याची कंबर मोडाया आली. पर उतरवायची सोय न्हाई, गळ्याला इळखा पडलेला. डाव्या खांद्यावर थाप पडली, जाल्या सवयीनं डावीकडं वळला. परत थाप, परत डावीकडं. डावीकडं काय हाय खिंडीत? बोला! कडा हाय. खाली तीनशे फूट.

एक पाय अधांतरी गेला. तवा जाल्या गुरासारखा वरडला, “पाच न्हाई! चार! चार हाय साहेब! एक मागं ऱ्हायला! म्या टाकला त्येला, जित्ता टाकला!”

पाठ हलकी झाली. जाल्या मागच्या मागं आडवा पडला. कानाशी आवाज आला, “साहेबाला नगं. आईला सांग.”

रांगत गावात आला त्यो. थाकूबायचं दार वाजवलं. तिच्या पायावर डोकं ठिवून समदं सांगितलं. म्हातारीनं एकच इचारलं.

“त्येनं तुला हाक मारली व्हती?”

“व्हय काकी.”

“आनि तू ऐकलीवतीस?”

“व्हय.”

ती म्हनली, “त्येनं तुला सोडलं. म्या न्हाई सोडायची.”

सकाळी चावडीपुढं सगळ्या गावाच्या देखत त्येला परत बोलाया लावलं. त्येनं नोकरी सोडली. मानसात हाय, पर नसल्यासारखा.

म्हनून सांगतो, अंधार पडल्यावर बाभळखिंडीकडं फिरकू नगा. घरी कुनी मराया टेकलं तरी सडकंनं या. तितं दर अवसेला कुनीतरी जातंय, त्येच्या मधी पडू नगा.

कोन म्हनून काय इचारतोस? दिवा लागला की थाकूबाय जाल्याच्या दारात हुबी ऱ्हाती. म्हनती, “ऊठ. माझा ल्योक वाट बघतोय.” त्यो रडतो, तिच्या पाया पडतो, आनि जातो. उजाडस्तोवर ती पायरीवर बसून ऱ्हाती.

अजूनपतोर तरी दर वेळंला परत आलाय.

आज अवसच हाय.