तळ्यात मशीन, काठावर मी

...न्हाई न्हाई, मी जळत न्हाई, आधीच सांगून ठिवतो! जळायला ते काय माझं भाऊबंद हाय? मशीन हाय, मशीन! पिवळंजर्द, शिलाई मशिनीच्या पेटीएवढं, म्होरं दोन दिवे, मागं शेपटीगत लांबलचक वायर, आन तुमाला सांगतो, त्या वायरीबिगर त्याला पान्यात एक हात मारता येत न्हाई! मी पंचवीस वर्सं ह्या पाझर तलावात उतरतोय, मला हाय का वायर? पन मी जळत न्हाई.

आता तुमी म्हनाल, कानिफनाथ, झालं तरी काय? ऐका. दरसाल तलावात माशाची पिल्लं सोडायच्या आधी आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन काकासाहेब काठावर येत्यात, कमरेवर हात ठिवत्यात आन इचारत्यात, "काय कानिफनाथ, पानी कसं हाय?" बास! येवढाच माझा मान. पगार न्हाई, खुर्ची न्हाई, वर्सातून एकदा ह्यो एक सवाल. मग मी बुडी मारायची, तळाचा गाळ मुठीत घिऊन यायचं, हुंगायचा, सगळ्यांना जरा ताटकळत ठिवायचं... आन सांगायचं. मी "सोडा" म्हनलं की सोडायची, "थांबा" म्हनलं की थांबायचं. अख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघत असतंय हो!

आन ह्या वर्सी? काकासाहेब आले, कमरेवर हात ठिवले, मी मिशीला पीळ दिऊन, चड्डीची नाडी आवळून तयार... आन माझ्या डोक्यावरनं पल्याड बघून म्हनत्यात, "काय मॅडम, पानी कसं हाय?"

मॅडम म्हंजी सुमैरा मॅडम, नगरच्या. पानी आन मासे तपासायचं शिकलेली पोरगी, पोरगी ग्वाड हाय, तिच्याबद्दल आपलं काय म्हननं न्हाई. ती म्हनाली, "सर, रोबो खाली जाऊन ऑक्सिजन मोजेल, मासे मोजेल, सगळं स्क्रीनवर दिसेल." मी मधीच म्हनलं, "काकासाहेब, मी सकाळीच बुडी मारलीया, वरचं पानी झ्याक हाय पन तळाचा गाळ कुजलाय, आठ दिस थांबा." तर काय म्हनावं मानसानं? "थांब रे जरा, मशीन बघू दे!"

सोडलं मशीन. आन आमची चांगुणा, माझी लग्नाची बायको... हळदीकुंकू लावलं त्याला! नारळ फोडला! म्हनती कशी, "पैल्यांदाच उतरतंय बाई, दिष्ट नको लागायला." पंचवीस वर्सं मी उतरतोय, मला काय म्हनती? "येताना कोथिंबीर आना!" पन मी जळत न्हाई.

गेलं बुडबुडबुड खाली, आन धा मिन्टात... अडाकलं! तीन पुरुष खोल पान्यात एक बुडालेली बाभळ हाय, तिला कवाचं जुनं जाळं गुतलंय, बरुबर त्यात. मला म्हाईत हुतं का? व्हय, म्हाईत हुतं! मग सांगितलं का न्हाई? इचारलं कोनी? मॅडम रडकुंडीला, काकासाहेब घामाघूम, वायर वढावी तर तुटायची भीती... आन मग कसा मधात घोळल्यागत आवाज निघाला बघा, "कानिफनाथ... बाळा..." बाळा! बावन्न वर्साचा हाय मी!

मारली उडी. खाली गेलो तर ते बसलंय गुमान, दोन्ही दिवे माझ्या तोंडावर लावून टकामका बघतंय. खरं सांगू? एक डाव वाटलं, ऱ्हाऊ द्यावं हितंच... कोन बघतंय? पन पोरीचं तोंड डोळ्याम्होरं आलं, सुरीनं जाळं कापलं, आन काखोटीला मारून वर आनलं ध्यान.

काठावर ही गर्दी! मी कुडकुडतोय, दातावर दात वाजत्यात, आन चांगुणा धावत आली टावेल घिऊन... माझा टावेल बरं का... आन पुसलं कुनाला? मशिनीला! "गारठलं आसंल बाई!"

तरी मी जळत न्हाई. मग स्क्रीनवर निकाल आला. मॅडम म्हनाली, "तळाला ऑक्सिजन कमी आहे. आठ दिवस थांबा." टाळ्या! शिट्ट्या! काकासाहेब म्हनत्यात, "वा! ह्याला म्हनत्यात सायन्स!" अहो, मग मी सकाळी काय भजन म्हनत हुतो? तर खांद्यावर हात ठिवून मला समजावत्यात, "तसं न्हाई कानिफनाथ, तू नाकानं सांगतोस, ते कागदावर देतंय."

आन आला की कागद! मॅडम मोठ्यांदा वाचाया लागली, रोहू इतके, कटला इतके, मरळ दोन... आन थबकली. तोंडाला वढनी लावली, खांदे गदागदा हलाया लागले. मी म्हनलं, "काय झालं पोरी?" तर शेवटच्या वळीत लिवलंय, "मोठा मासा, एक. जात ओळखता आली नाही. मिशा आहेत."

सगळा काठ माझ्याकडं बघाया लागला... 

मॅडम बिचारी डोळे पुसत म्हनाली, "सॉरी काका, ते अजून शिकतंय, मी खोडते." मी म्हनलं, "खोडू नका मॅडम, ऱ्हाऊ द्या. पंचवीस वर्सांत सोसायटीच्या कागदावर आज पैल्यांदा आलोय... नाव लागलं न्हाई तर न्हाई, मिशा तरी लागल्या!"