चहाच्या वेळचं कासव

प्राण्यांच्या दवाखान्यात मांजर मांडीवर घेऊन पेंगणाऱ्या शिंपीणबाईंच्या कानावर पंख्याच्या घरघरीतून शेजारच्या बाकावरचं बोलणं येत होतं. म्हातारे वडील, त्यांची लेक आणि मध्ये टोपलीत कासव. तिघं औषधाची वाट बघत होते.

“ऐकलंत ना, बाबा? कवच मऊ पडलंय त्याचं. चहा-बिस्किट बंद! गवत, पाला, जास्वंदीची फुलं, एवढंच.”

“चहा कुठे देतो? नुसतं बुडवून देतो.”

“बाबा!”

“तुझी आई गेल्यापासून सकाळी चहाला तोच येतो गं. सावकाश. डोळे मिटले की वाटतं, तीच येतेय, गुडघे सांभाळत.”

“आईने ऐकलं असतं ना हे!”

“हसली असती. आता बिस्किट नाही, तर तो येईल कशाला?”

“पाल्यासाठी येईल.”

“मी बिस्किट खायचं आणि त्याने पाला? तोंडाकडे बघत बसेल माझ्या.”

“मग तुम्हीही पाला खा. साखर तुमचीही वाढलीय.”

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्याला पुढे जाऊ दिलं.

“बरं. पण पानं कोवळी बघून आण.”

“त्याला कशीही चालतात, बाबा.”

“चालत असतील. पण दात आम्हा दोघांनाही नाहीत.”